निकाल न मागणारा वकील

वकील कोर्टात जाण्याआधी मासळीबाजारात जायचे, हे सगळ्यात आधी सांगते. त्यांच्या आयुष्यात कामांचा क्रमच तसा होता. संध्याकाळी बाजारात जे उरतं त्याला मासळी म्हणायला ते तयार नव्हते. त्यामुळे सकाळी तालुक्याच्या रस्त्याने हे गृहस्थ निघायचे ते काखेत खटल्याचे कागद, हातात बांगड्यांची पिशवी आणि अंगात काळा कोट अशा थाटात. काळा आपला म्हणायचा. मी पाहिला तेव्हा तो कोट उन्हाने तांबूस झाला होता आणि कोपरांना त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, आपल्या जुन्या पोलक्याची ठिगळं लावली होती. कोर्टात पोचलं की पिशवी ओल्या गोणपाटात गुंडाळून बेलिफाच्या स्वाधीन. तो बिचारा समन्स बजावण्यापेक्षा मांजरं हाकूनच जास्त दमायचा.

एकदा नवे जज्ज आले होते, नागपूरकडचे, शुद्ध शाकाहारी. वकिलांचा युक्तिवाद लांबला आणि वैशाखाच्या उकाड्यात मागच्या पडवीतून पिशवीचा वास आत यायला लागला. जज्जसाहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, अजून किती वेळ. वकील अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, माझं म्हणणं संपायला अर्धा तास लागेल, पण माझ्या बांगड्यांचा धीर त्याच्या आधीच संपेल." जज्ज हसले. ते हसू शकतात हे कोर्टाला त्या दिवशी समजलं, असं बेलिफ पुढे कितीतरी वर्षं सांगत होता.

आता मी कोण, ते सांगते. मी त्यांची अशील. ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. माझे यजमान मुंबईला गिरणीत होते, ते तिकडेच तापाने गेले. गावात सासऱ्यांच्या घराचे दोन भाग होते, एक धाकट्या दिराचा, एक आमचा. आमचा म्हणजे दोन खोल्या, एक चूल आणि मागच्या दारी एक सोनचाफा. त्या वर्षी माझी आई आजारी पडली म्हणून मी महिनाभर माहेरी गेले. परत आले तर माझ्या दाराला नवं कुलूप. भाऊजी अंगणात उभे. म्हणाले, तू आपण होऊन घर सोडलंस, आता तुझं इथे काही नाही. मला ते घर परत हवं होतं. दुसरं काही नको होतं, आणि पुढे मी वकिलांच्या कितीही गमती सांगत सुटले तरी त्या सगळ्यामागे हे एवढंच होतं, हे ध्यानात ठेवा.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती रडत गेले. नाकावर राग, डोळ्यांत पाणी आणि तोंडात दिराच्या सात पिढ्या. पडवीत बाकावर आणखी दोन-तीन माणसं बसली होती. वकील झोपाळ्यावर धोतराचा काचा सोडून निवांत. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "पयली पेज जेव बाय, मगे बोल. उपाशी माणूस दुप्पट भांडता." आतून काकी उकड्या तांदळाची गरम पेज, खाराची फोड आणि सुक्या बांगड्याचा तुकडा घेऊन आल्या. बाकावरच्या सगळ्यांना तीच पेज. वादी, प्रतिवादी, साक्षीदार, जो असेल तो. मी जेवले. आणि खरं सांगते, जेवून झाल्यावर दिराच्या सात पिढ्यांतल्या चार-पाच तरी मी मनातल्या मनात सोडून दिल्या.

काकी देवगडच्या, आंब्याच्या घरातल्या. हे रोजचं पेज-प्रकरण त्यांच्या जिवावर यायचं, पण पातेलं मात्र कधी लहान घेतलं नाही. वाढता वाढता कुरकुरायच्या, "ह्येंका वकील कोणी केल्यान काय म्हायत. ह्येंनी खानावळ काढूक होयी होती." वकील आतून ऐकायचे आणि म्हणायचे की खानावळीत लोक पैसे दिल्याशिवाय उठत नाहीत, ती आपल्याला जमणार नाही.

फीचं म्हणाल तर कुणी फणस आणायचा, कुणी कोकमाची सोलं, कुणी नारळ. एका म्हातारीने कोंबडी दिली होती. तिचा दावा वकील हरले. तर यांनी कोंबडी परत पाठवली. तोवर तिने अंडी उबवून पिल्लं काढली होती, ती पण टोपलीत घालून सोबत. म्हातारी पिल्लं घेऊन परत हजर, की ही तुमच्या घरच्या दाण्यावर वाढलेली, माझी नव्हेत. मग पडवीत बसून दोघांनी पिल्लांची मालकी कुणाची यावर पाऊण तास कायदा कुटला. शेवटी काकी बाहेर आल्या आणि पिल्लं आपली म्हणून उचलून घेऊन गेल्या. वकील म्हणाले, हा निकाल अपिलात टिकणार नाही, पण अपील करायची माझी हिंमत नाही.

दावा लागला आणि माझ्या खेपा सुरू झाल्या. तारीख असली की पहाटेची एस्टी, तालुक्याला उतरायचं, वकिलांच्या पडवीत पेज, मग कोर्ट. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत. मी माहेरी राहत होते, भावाच्या घरी. भावजय वाईट नव्हती हो, पण तिचं घर ते तिचं घर. मी चुलीकडे वळले की ती आधी बघायची, कोणतं भांडं घेते. मला आपल्या चुलीची, आपल्या सोनचाफ्याची इतकी ओढ लागायची की रडू फुटायचं. ते रडू मी काकींच्या स्वयंपाकघरात नारळ खवता खवता काढून टाकायची. कोर्टाची वाट बघण्यात तालुक्याचा अर्धा दिवस मोकळाच असायचा, मग तिथे बसूनच मला वकिलांच्या सगळ्या तऱ्हा कळल्या.

त्यांची एक सवय अशी की अशिलाशी मालवणी, जज्जांशी शुद्ध मराठी आणि इंग्रजी फक्त स्वतःच्या स्कूटरशी. ती स्कूटर चालण्यापेक्षा ढकलली जास्त जायची. चढावर बंद पडली की ते खाली उतरून तिला इंग्रजीत कलमं ऐकवायचे. येणारेजाणारे थांबून ऐकायचे, मग दोघे-तिघे हात लावायचे. दुसरी सवय, समोरचा वकील बोलायला उभा राहिला की हे डोळे मिटायचे. झोपायचेच म्हणा ना. पण समोरच्याने एखादी खोटी गोष्ट सांगितली की डोळा किंचित उघडायचा, एकच. घाटावरून आलेला एक तरुण वकील दिराच्या बाजूने होता. तो तर त्या एका डोळ्याला इतका घाबरायचा की बोलता बोलता अडखळायचा.

कोर्टाच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं घालायचा मान पण त्यांचाच. देवळातल्यासारखं हात जोडून, आवाज चढवून सुरू करायचे, "बा देवा महाराजा, आज ही वकील मंडळी तुज्या पायाकडे जमली आसत. तेंका तारखेवर तारीख मागूची सवय लागली आसा, ती सोडव रे महाराजा." बाकीचे एका सुरात, होय महाराजा. "आमच्या जज्जसायबांच्या बदलीचो कागद खंय अडाकलो आसात तर तेका वाट करून दी रे महाराजा." त्या वेळी सगळ्यात मोठा 'होय महाराजा' नागपूरकडच्या जज्जसाहेबांचा होता. एवढी मालवणी त्यांना तोपर्यंत कळायला लागली होती.

मला मात्र ही थट्टा कधी कधी डोक्यात जायची. माझं घर गेलंय आणि हा माणूस देवाशी विनोद करतोय. एकदा मी तोंडावर बोलले, वकीलानू, तुमका माझ्या घराचा काय पडला नाय. ते रागावले नाहीत. म्हणाले, घर कुठे पळून जात नाही, माणसं पळून जातात, त्यांना धरून ठेवायला वेळ लागतो. मला काही ते पटलं नाही. मी पाय आपटत आत गेले आणि काकींचा अख्खा नारळ रागारागाने खवून टाकला.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या गावात गावपळण असते. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं, तान्ही पोरं, आजारी म्हातारी, सगळी. घराला कडी घालायची आणि माळावर झावळ्यांच्या खोपी करून राहायचं. त्या दिवसांत गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गाव देवाचा. कुणी विसरलेली वस्तू आणायलासुद्धा मागे फिरत नाही. चोरी होत नाही, कारण चोरसुद्धा आमच्यातलेच, ते पण खोपीत. परत यायचा कौल झाला की मग घरं उघडायची.

त्या वर्षीची पळण मी आई आजारी पडण्याच्या जरा आधीच केली होती. माझी खोप दिराच्या खोपीला लागून होती. जावेने आणि मी एकाच चुलीवर भात शिजवला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण आम्ही कायमची भांडणारी माणसं नव्हतो. घराचा लोभ भाऊजींच्या मनात नंतर शिरला, की यजमान गेल्यापासूनच होता, मला माहीत नाही.

दिराने कोर्टात जे लेखी म्हणणं दिलं, त्यात अमुक तारखेला वहिनीने आपली भांडीकुंडी बैलगाडीत घातली, घर सोडलं, आणि ते आपण अंगणात उभं राहून पाहिलं, असं होतं. झालं असं की घाटावरच्या वकिलाने त्यांना विचारलं, नक्की तारीख सांगा. आता आमच्या गावात तिथी विचारा, सांगतील. सण विचारा, सांगतील. इंग्रजी तारीख कुणाच्या लक्षात असते? भाऊजींनी भातकापणी झाल्यावर, मार्गशीर्षात, असं काहीतरी सांगितलं. वकिलाने कॅलेंडर बघून एक बरीशी तारीख घातली. भाऊजींनी खाली सही ठोकली आणि ती तारीख पाठ केली.

ती तारीख पळणीच्या बरोबर मधल्या दिवशी येत होती.

आमच्या वकिलांनी ते कागद वाचले तेव्हा झोपाळ्यावर एकटेच मोठ्याने हसले, असं काकींनी मला नंतर सांगितलं. मला मात्र त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या तारखेला कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर दिराला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, बाबा, ती तारीख घरी जाऊन एकदा बघून घे. भाऊजींना वाटलं, हा काहीतरी डाव आहे. म्हणाले, मी माझ्या वकिलाचं ऐकेन. हे मला कळलं असतं तर मी त्या दिवशी वकिलांची स्कूटर ढकलायला नक्कीच गेले नसते.

साक्षीचा दिवस आला. भाऊजी पिंजऱ्यात उभे. नवा सदरा, आणि तारीख अगदी चोख सांगितली. अंगणात उभा होतो, डोळ्यांनी पाहिलं, बैलगाडी, भांडी, सगळं. मी बाकावर बसून पदराचं टोक चावत होते. या खोटेपणावर जर जज्जांनी विश्वास ठेवला तर माझी चूल गेली, असा हिशोब होता. वकील डोळे मिटून बसले होते. यावेळी एकही डोळा उघडला नाही.

त्यांची पाळी आली तेव्हा ते सावकाश उठले. जवळ जाऊन शुद्ध मराठीत विचारलं, त्या तारखेला तुम्ही स्वतः तुमच्या अंगणात होता? होय. गावातच? होय. मग वकील जे कोर्टात कधीच करत नसत ते त्यांनी केलं. आवाज खाली आणून मालवणीत बोलले. "तो दिवस गावपळणीचो मदलो दिवस. त्या दिवशी तू आंगणात उभो होतंस?"

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. दारात उभा असलेला बेलिफ आमच्या शेजारच्या गावचा, त्याच्या हातातली कागदांची चळत खाली पडली. आमच्या वाडीतली चार माणसं मागे बसली होती, ती एकमेकांकडे बघायला लागली. जज्जसाहेब सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते, त्यांना काही कळेना. पण आम्हाला कळलं होतं. 'होय' म्हणावं तर देवाची पळण मोडली, मग गावात तोंड दाखवायला जागा नाही. 'नाही' म्हणावं तर शपथेवर खोटं बोलले. मला इतका आनंद झाला म्हणता. आता पिंजऱ्यातून सुटतो कसा बघू, असं मनात म्हणत मी पुढे सरसावून बसले.

आणि आमचे वकील जज्जांना म्हणाले, "साहेब, साक्षीदाराचा घसा कोरडा पडलाय. जेवणाच्या सुट्टीनंतर उत्तर घ्यावं." जज्जांनी घड्याळाकडे बघितलं आणि उठले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर बकुळीखाली मी त्यांना गाठलं. असा तोंडात आलेला घास सोडून देतात का? माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो थांबेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुका घर होया, काय निकाल होयो?"

मी म्हटलं, दोन्ही होयेत.

ते म्हणाले, "निकाल होयो आसात तर सुट्टीनंतर घेवन देतंय. तो खोटो पडतलो, सगळो गाव बघतलो. मगे संध्याकाळच्या एस्टीन तू आणि तो एकाच गावाक जातलास. उद्या सकाळी पाण्याक खंयच्या बावीर जातलंस?"

आमच्याकडे बाव एकच होती, दोन्ही घरांच्या मधली. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ जावेच्या शेजारी उभं राहून कळशी ओढायची होती, आणि ती मरेपर्यंत. हे मी दोन वर्षं विचारातच घेतलं नव्हतं. मला फक्त कुलूप दिसत होतं.

भाऊजी समोरच्या भिंतीला टेकून उभे होते, एकटे. त्यांचा वकील कुठे गायब झाला होता देव जाणे. आमच्या वकिलांनी त्यांना हाक मारली. ते आले. कमरेच्या करदोट्याला बांधलेली किल्ली सोडली. गाठ लवकर सुटेना. किल्ली त्यांनी बाकावर ठेवली आणि मागे सरकले.

वकील म्हणाले, "बाकार नको. तिच्या हातात दी. आणि तोंडान सांग."

"काय सांगू?"

"वहिनी, घराक चल. इतक्याच सांग."

भाऊजींना ते म्हणायला फार वेळ लागला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. शेवटी किल्ली माझ्या हातावर ठेवून ते तेवढं म्हणाले, आणि मग वळून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी पण रडले. वकील मात्र बेलिफाला हाका मारत होते, की अरे, माझ्या पिशवीजवळ मांजर बसलंय.

सुट्टीनंतर तडजोड झाल्याचं जज्जांना सांगितलं. माझा हक्क कागदावर नीट लिहून घेतला, त्यात वकिलांनी कसूर केली नाही. जज्जांनी विचारलं, पण मघाच्या प्रश्नाचं उत्तर काय? वकील म्हणाले, साहेब, ते उत्तर आता कुणालाच नको आहे.

लगेच सगळं गोड झालं असं नाही हं. कित्येक महिने जाऊ माझ्याशी बोलली नाही. बावीवर मी गेले की ती कळशी घेऊन जायची. मी पण काही कमी नव्हते, मी मुद्दाम तिच्याच वेळेला जायची. मग एका सकाळी ती मागच्या दारी आली, सोनचाफ्याखाली उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, विरजण आसा गो? मी वाटीभर दिलं. ती गेल्यावर मी चुलीपुढे बसून पोटभर रडले, आणि पुढच्या बाजाराला जाऊन हे वकिलांना सांगितलं. त्यांनी काकींना हाक मारली, विरजणाची गोष्ट पुन्हा एकदा माझ्याकडून ऐकली आणि म्हणाले, आज पेजेबरोबर सुक्याचा तुकडा नको, ताजी सुरमई तळ. तेवढीच त्यांनी माझ्या दाव्याची पार्टी केली.

पुढची पळण आली तेव्हा वकील आम्हाला भेटायला माळावर आले. स्कूटर ढकलतच आले. त्यांच्या गावात पळण नाही, त्यामुळे त्यांना भारी अप्रूप. माझ्या आणि दिराच्या खोपीच्या मधे झावळीवर बसले आणि दोन्हीकडे जेवले. भाऊजी त्यांना पाटावर बसवायला धावपळ करत होते. वकील इकडेतिकडे बघून म्हणाले, "हंय कोर्टाक कायच काम नाय. सगळ्यांचा घर एकाच झावळीएवढा." जाऊ हसली. मग त्यांनी भाऊजींना पळणीबद्दल शंभर प्रश्न विचारले, कोण आधी निघतं, देवाला कोण सांगतं, गुरं कशी आणतात. भाऊजी सगळं मन लावून सांगत होते. पण त्या एका तारखेचा विषय वकिलांनी काढला नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही कधी नाही, थट्टेतसुद्धा नाही. थट्टेशिवाय दुसरं काही न बोलणारा माणूस, त्याने हे कसं पोटात ठेवलं असेल याचं मला आजही नवल वाटतं.

त्यांच्याकडे जाणं मी सोडलं नाही. बाजाराच्या दिवशी अळूची पानं, चाफ्याची फुलं घेऊन जायची. कधी भाऊजी कुळीथ द्यायचे, वकिलांना नेऊन दे म्हणून. स्वतः मात्र जायला संकोचायचे. मीही आग्रह केला नाही.

मग त्या दशकाच्या शेवटाकडे एका मंगळवारी दुपारी मी गावातल्या बालवाडीच्या कामावरून येऊन भांडी घासत होते. भाऊजी कणकवलीला गेले होते, ते वेळेच्या आधीच परत आले. एस्टीतून उतरून सरळ आपल्या घरी न जाता माझ्या दारात आले. उंबऱ्याच्या आत कधी येत नसत, त्या दिवशी आले. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन नुसते उभे राहिले. मी विचारलं, काय झाला भाऊजी?

कोर्टाच्या आवारात त्या दिवशी लागला होता तसाच वेळ त्यांना बोलायला लागला. मग म्हणाले, "वहिनी, आपलो वकील गेलो."